किसू वर गेला

प्रिय सानिका आणि ओजस,

हे तुमच्यासाठी लिहिते आहे. तुमच्या आईचं म्हणणं पडलं की त्या अमानवीय अनुभवांच्या फोरमवरही टाक, म्हणून तिथेही टाकते. बाकीच्या वाचकांनी तुमच्या खांद्यावरून डोकावून वाचलं तर माझी हरकत नाही. फक्त मध्येच "मग काय झालं, मग काय झालं" करू नये. मी सगळं क्रमानं सांगणार आहे.

आत्ताच का, तर दुर्गापूजेच्या आधी इथे कोलकात्यात सगळ्या घराला रंग लागायचाय. आणि दुसरं म्हणजे गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर सानिका, तू म्हणालीस, "आजी, कम ऑन... ती लाइन टाइलवाल्यांनी मारली असणार." तुझ्या वयाच्या मुलीनं असंच म्हणायला हवं. न म्हणतीस तर मला काळजी वाटली असती. पण तुझ्याकडे सगळी माहिती नाही. आणि अर्ध्या माहितीवर उत्तर लिहिणाऱ्या मुलींचे मार्क मी आयुष्यभर कापत आले आहे, नातीला सवलत नाही.

आधी एक सांगते. मी असल्या गोष्टींवर कधीच विश्वास ठेवला नाही. इंग्रजी व्याकरण शिकवणाऱ्या बाईला तो परवडतही नाही. इथल्या मराठी मंडळाच्या कोजागरीला कुणीतरी हमखास सुरू करायचं — "आम्ही खिदिरपूरच्या क्वार्टर्समध्ये होतो ना, तेव्हा रोज संध्याकाळी जिन्यात..." — की मी उठून मसाला दूध ढवळायला जायची. आजही जाते. पण आता ढवळताना थोडा कान तिकडे असतो, एवढा फरक पडलाय.

आता तुमच्या आजोबांबद्दल. ओजस, तू वर्गात सांगतोस की माझे आजोबा पायलट होते. ते पायलट नव्हते. विमानात बसले की त्यांना मळमळायचं. त्यांचं काम जमिनीवरचं, टेबलापाशीचं होतं — पायलटनं किती खाली यायचं नाही, ते ठरवण्याचं.

हे नीट समजून घ्या, कारण पुढची गोष्ट यावरच उभी आहे. आकाश स्वच्छ असतं तेव्हा पायलटला डोंगर दिसतो, टॉवर दिसतो, तो बाजूनं जातो. पण ढगात शिरला की बाहेर नुसता कापूस. तेव्हा तो समोरच्या यंत्रांवर विसंबून उडतो. त्याला कुणीतरी आधीच सांगून ठेवावं लागतं, की या विमानतळाभोवती एवढ्या मोठ्या वर्तुळात अमुक उंचीच्या खाली यायचं नाही, मग काहीही होवो. ती किमान सुरक्षित उंची. ती काढायची पद्धत ऐकायला सोपी आहे. त्या वर्तुळातली सगळ्यांत उंच वस्तू शोधायची — टेकडी, मनोरा, देवळाचा कळस, काहीही — आणि तिच्या डोक्यावर निदान हजार फूट मोकळे सोडायचे. डोंगराळ भागात त्याहूनही जास्त.

पूर्वी त्या वर्तुळाच्या मध्याशी खरंखुरं काहीतरी असायचं, रेडिओचा मनोरा वगैरे. आजोबांच्या नोकरीच्या उत्तरार्धात उपग्रह आले आणि मनोऱ्याची गरज संपली. मग विमानं ज्या खुणांवरून वळतात त्या खुणा म्हणजे नुसते बिंदू झाले. खाली जाऊन पाहिलं तर भाताचं शेत असतं नाहीतर कुणाचं तरी तळं. पण त्या बिंदूला नाव असतं, पाच अक्षरी, इंग्रजी, उच्चारता येईल असं. आजोबांनी एकदा एका बिंदूसाठी SHIRA सुचवलं होतं. मंजूर झालं नाही, दुसऱ्या कुठल्यातरी नावासारखं ऐकू येतं म्हणे. त्या संध्याकाळी त्यांनी मला खरा शिरा करायला लावला, आणि म्हणाले, "निदान इथे तरी मंजूर कर."

तर उपग्रह. सानिका, तुला आमच्या दमदमच्या या फ्लॅटची गच्ची आठवते? आजोबा रिटायर झाले, सरकारी क्वार्टर सुटलं, आणि आम्ही इथे आलो त्यानंतरच्या हिवाळ्यात तुम्ही सगळे आला होतात. ओजस तेव्हा जेमतेम उभा राहायला लागला होता. आजोबांनी तुला गच्चीवर नेऊन त्यांचं ते हातातलं उपग्रहाचं यंत्र दाखवलं. पडद्यावर उंचीचा आकडा होता — उणे तीस-पस्तीस मीटर. चार मजल्यांच्या गच्चीवर उभे तुम्ही, आणि यंत्र म्हणतंय उणे!

"म्हणजे आपण पाण्याखाली आहोत का, आजोबा?"

"या यंत्राच्या हिशेबानं, हो."

आणि तू पटकन नाक दाबून धरलंस. खाली येईपर्यंत सोडलं नाहीस. आजोबा जिन्यात हसून हसून बसले होते.

त्याचं कारण त्यांनी तुला सांगितलं होतं, पण तुझं सगळं लक्ष नाकाकडे होतं, म्हणून पुन्हा सांगते. उपग्रहाला समुद्र माहीत नसतो. तो उंची मोजतो ती हिशेबासाठी मानलेल्या एका गुळगुळीत पृथ्वीपासून. आपण मोजतो समुद्रापासून. दोन्ही शून्यंच, पण वेगवेगळ्या जागी. कोलकात्यात त्या दोन शून्यांमध्ये पन्नास मीटरहून जास्त फरक आहे. यंत्रातली सेटिंग बदलली की ते समुद्रापासून मोजतं आणि आपण पाण्याबाहेर येतो.

हा नुसता गमतीचा मामला नाही. आजोबांच्या हाताखाली पारोमिता नावाची एक हुशार मुलगी नव्यानं लागली होती. डोंगरातल्या एका छोट्या विमानतळासाठी ती उंची काढत होती. कड्यावर एक टॉवर नवा उभा राहिला होता, त्याची मोजणी उपग्रहाच्या यंत्रानं करून आली. तिनं आकडा घेतला, हिशेब केला. बिनचूक केला. आजोबांनी कागद पाहिला आणि एकच प्रश्न विचारला, "शून्य कुठलं?"

तिनं ते विचारलंच नव्हतं. मोजणी गुळगुळीत पृथ्वीपासूनची होती, म्हणजे टॉवर खरा होता त्यापेक्षा कितीतरी बुटका दिसत होता. तो आकडा तसाच छापला गेला असता, तर ढगातून येणारं विमान स्वतःला सुरक्षित समजून हवं त्याहून खाली उतरलं असतं. छापण्याआधीच दुरुस्त झालं, काही घडलं नाही. आजोबा रागावले नाहीत. म्हणाले, "भाजीवाल्यानं भाव सांगितला की आपण विचारतो ना, किलोचा का पावाचा? तसंच हे. शून्य विचारल्याशिवाय उंची घ्यायची नाही."

पारोमिता तेव्हापासून घरचीच झाली. ऑफिसात "सर" म्हणायची आणि घरी आली की "काकू". बंगालीत काकू म्हणजे काका! पहिल्यांदा ती दारातून "काकूऽ" म्हणून ओरडली तेव्हा मी "आले गं" म्हणत बाहेर आले आणि आजोबाही बाहेर आले. मग ठरलं — ते काकू, मी काकीमा. मंडळातल्या बायका अजून आजोबांना चिडवल्यासारखं "तुमचे काकू" म्हणून आठवतात.

आता किसू.

आजोबांचं घरातही तेच चालायचं. त्यांचं म्हणणं, लहान मूल म्हणजे ढगातलं विमान. त्याला किटली दिसते, चटका दिसत नाही. म्हणून त्याच्यासाठी किमान सुरक्षित उंची आखून ठेवायची आणि तापलेलं, धारदार, काचेचं सगळं त्या रेषेच्या वर. घाईत म्हणता म्हणता किमान सुरक्षितचं झालं किसू. मोठं मूल डोळ्यांनी बघून उडतं, त्याला किसू लागत नाही. सानिका, तुझा किसू जुन्या क्वार्टरच्या दारावर होता. ते घर सोडताना आजोबा त्या चौकटीपाशी इतका वेळ उभे राहिले, की मला म्हणावं लागलं, "अहो, ती सरकारी आहे. नेता येणार नाही."

या घरात किसू एकट्या ओजसचा, त्याच हिवाळ्यातला. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर, आतल्या बाजूनं. मोजायची पद्धत अशी — डोकं मोजायचं नाही. "अडथळा म्हणजे डोकं नाही गं, हात!" ओजसला दोन्ही काखांत धरून चवड्यांवर उभं केलं, वर एक लिमलेटची गोळी धरली, आणि त्याच्या बोटांचं टोक जिथवर पोचलं तिथे लाल-निळ्या पेन्सिलीच्या लाल टोकानं नकाशावर अडथळ्याची असते तशी खूण केली, उलटा व्ही आणि आत टिंब. त्यावर त्यांच्या स्वतःच्या हाताची एक वीत आणि चार बोटं सोडून आडवी रेघ.

"डोंगरावर हजार फूट, ओजसवर एक वीत चार बोटं," म्हणाले.

तुमची आई म्हणाली, "बाबा, तुम्ही माझ्या वेळी का नाही हे केलंत? माझ्या पायावर इस्त्रीचा डाग आहे."

"तुझ्या वेळी मी फक्त विमानांचा विचार करायचो," आजोबा म्हणाले. हसत म्हणाले, पण मग बराच वेळ पेन्सिल खिशात घालेनात.

किटली त्या रेघेच्या वर, फळीवर गेली. माझी ती विजेची किटली, पाणी तापताना लाल दिवा लागतो ती.

पुढच्या वर्षी आजोबा गेले. त्याबद्दल इथे लिहीत नाही. तुमची आई एकटीच धावत आली होती. परत जाताना तिनं आजोबांची ती लाल-निळी पेन्सिल मागितली, सानिकासाठी. मी दिली. हे लक्षात ठेवा. पेन्सिल तुमच्याकडे मेलबर्नला गेली.

त्यानंतर स्वयंपाकघरातली जुनी मोझेइकची जमीन खचायला लागली. बिमलबाबू म्हणून इथले कॉन्ट्रॅक्टर आहेत, त्यांनी सुचवलं की जुनी जमीन उखडू नका, तिच्यावरच टाइल्स बसवू. बसवल्या. जमीन चांगली दोन बोटं वर आली. दार खालून तासावं लागलं. आजोबांनी ही जमीन पाहिली नाही, हेही लक्षात ठेवा.

मग तुमचं यायचं ठरलं. ओजस चार वर्षांचा झाला होता, आणि मला त्याच्या उंचीचा काही अंदाज नव्हता. पडद्यावर सगळी मुलं एकाच मापाची दिसतात. तुम्ही यायच्या आधी एकदा मी मेट्रोनं एस्प्लनेडला गेले, उशांचे अभ्रे आणि ओजससाठी मोजे घेतले, आणि दुपारी ऊन असतानाच घरी परतले. हातपाय धुतले, पाणी प्यायला स्वयंपाकघरात शिरले...

चौकटीवर दुसरी रेघ होती.

जुन्या रेघेच्या बरीच वर. लाल. तिच्याखाली एक वीत चार बोटांवर उलटा व्ही आणि आत टिंब. टिंब किंचित डावीकडे सरकलेलं. आजोबांचं टिंब नेहमी डावीकडेच जायचं.

मी घाबरले नाही. खरं सांगते. पहिल्यांदा मनात आलं ते एवढंच — अहो, किती वर घेतलात! आणि हे मी मोठ्यानं बोलले. मग माझाच आवाज ऐकून खुर्चीवर बसले.

आता तुझा टाइलवाला, सानिका. मलाही तोच सुचला होता. आजीचं डोकं अजून चालतं. टाइल्स बसवणारे लोक भिंतीवर लेव्हलच्या खुणा करतात, हे मला माहीत होतं. तेव्हाच बिमलबाबूंना फोन लावला.

"माशिमा," ते म्हणाले, "हमारा आदमी लकडी पे दाग नहीं देता. दीवार पे नीला सूता मारता है, बस. लाल पेन्सिल तो ऑडिटवाला रखता है!" आणि स्वतःच्या विनोदावर खोकला येईपर्यंत हसले. वर विचारलं, "दाग उठाना है क्या? थिनर भेज दूँ?"

"नको," मी म्हणाले.

शिवाय टाइल्स बसून बराच काळ लोटला होता, आणि ती चौकट मी दर शनिवारी ओल्या फडक्यानं पुसते. आजोबांची रेघ सोडून, तिच्या कडेकडेनं. दुसरी रेघ असती तर मला दिसली असती. घराची किल्ली माझ्याकडे एक आणि पारोमिताकडे एक. पारोमिता त्या दिवसांत ट्रेनिंगला हैदराबादला होती.

मग मी काय केलं? आजोबांचा एक नियम होता, पायलटांसाठीचा, पण ते सगळीकडे लावायचे. शंका आली की आधी वर जायचं, कारण मागाहून शोधायचं. ढगात बसून वाद घालायचा नाही. मी तेच केलं. किटली, सुऱ्या, काचेच्या बरण्या, सगळं नव्या रेघेच्या वर हलवलं. किटली फ्रिजच्या डोक्यावर गेली, तिची वायर मागे खोचली. फळी रिकामी झाली. आणि मी इतकी बुटकी, की मला स्वतःच्या चहासाठी स्टूल लागायला लागलं.

तुमच्या आईनं व्हिडिओ कॉलवर पाहिलं. "आई, चहा करतेयस की एव्हरेस्ट चढतेयस?"

"किसू वर गेला," मी म्हणाले.

"कोणी नेला?"

यावर मी म्हटलं की नेटवर्क जातंय. नेटवर्क छान होतं.

तुम्ही आलात. तिसऱ्या का चौथ्या दिवशी दुपारी पारोमिता हैदराबादहून परतली ती थेट नोलेन गुळाचे, म्हणजे खजुराच्या नव्या गुळाचे, संदेश मिठाईवाल्याकडून घेऊन आली. बाहेरच्या खोलीत सगळे बसलो. सानिका, तू संदेश सोडून दुसरं काही पाहत नव्हतीस, म्हणून तुला ही दुपार आठवत नाही. मी स्टुलावर चढून किटली लावली आणि बाहेर आले. पारोमिता तिच्या नव्या साहेबांची नक्कल करत होती. तुमची आई हसत होती. आणि माझ्या लक्षात आलं की ओजस खोलीत नाही.

मी उठून दाराशी गेले.

ओजस, तू फळीपाशी होतास. चवड्यांवर. डावा हात भिंतीला टेकलेला, उजवा हात पूर्ण वर, आणि तुझी बोटं फळीच्या कडेवरून आत जाऊन चाचपडत होती. नेमकी किटली असायची त्या जागी. जुन्या रेघेच्याही वर. बोटं इकडून तिकडे, इकडून तिकडे... आणि बाजूला फ्रिजच्या डोक्यावर पाणी खळाखळा उकळत होतं.

माझ्या मागून तुमच्या आईनं हाक मारली, "ओजस!"

तू वळलास. अजिबात घाबरला नव्हतास. उलट तक्रार होती तुझी. रोज कॉलवर आजीच्या मागे तो लाल दिवा लागताना तू बघायचास, आणि मेलबर्नहून एवढ्या लांब आला होतास ते बटण स्वतः दाबायला. काही दिवस तो दिवा कॉलवर दिसला नव्हता, पण तो तिथेच असणार ही तुझी खात्री होती.

"आजी," तू म्हणालास, "किसूनी light नेला?"

तुला वाटायचं किसू म्हणजे घरातला कोणी माणूस आहे. तुमची आई तुला उचलून घेऊन तिथेच टाइल्सवर बसली, आणि तुझा हात उलटा-सुलटा करून बघत राहिली. त्या हातावर संदेशाचा चुरा होता, बाकी काही नाही.

चहा कुणीच प्यायला नाही. मी पारोमिताला रेघ दाखवली आणि सगळं सांगितलं. ती ऑफिसात बोलतात तशा आवाजात म्हणाली, "काकीमा, मोजते."

ओजसला पुन्हा चवड्यांवर उभं केलं. या वेळी वर संदेश. बोटांचं टोक बरोबर त्या नव्या उलट्या व्हीवर पोचलं. तिथून रेघेपर्यंत पारोमिताची वीत घातली, कमी पडली. माझी तर त्याहून लहान. पण आजोबांची वीत आम्हां दोघींना पाठ होती. "पट्टी विसरलो तर हात आहे, साडेनऊ इंच" हे त्यांचं पालुपद. तिनं टेप लावला. साडेनऊ इंच, आणि वर चार बोटं.

पारोमिता खाली बसली. मग तिचा चेहरा एकदम उजळला.

"काकीमा, काकू असे होते ना... त्यांनी आधीच हिशेब करून ठेवला असेल! मुलं किती वाढतात त्याचे तक्ते असतात. चार वर्षांचा होईल तेव्हा हात कुठे पोचेल ते काढलं, आणि तेव्हाच रेघ मारून ठेवली. तुम्ही पाहिली नाहीत, एवढंच. सिंपल!"

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! हे अगदी त्यांच्यासारखं होतं. पुढचा विचार करून, कुणाला न सांगता. मी म्हणणारच होते, की हो, असंच असेल, मी चौकट पुसताना चष्मा लावत नाही...

आणि पारोमिताचीच मान हळूहळू खाली गेली. ती नव्या टाइल्सकडे बघत होती. एक टाइल तिनं बोटानं वाजवली.

"काकीमा," ती म्हणाली, "शून्य कुठलं?"

कळलं का, सानिका? आजोबांनी आधी मारून ठेवली असती, तर ती जुन्या जमिनीपासून मोजलेली असती. मग नव्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या ओजसचा हात त्या खुणेच्या दोन बोटं वर गेला असता. तो गेला नाही. बरोबर खुणेवर थांबला. रेघ नव्या जमिनीपासूनची होती. ज्यानं कुणी ती मारली, त्यानं शून्य तपासून घेतलं होतं.

तू म्हणशील, मुलं तक्त्याप्रमाणे वाढत नाहीत, दोन बोटांचा फरक कुठेही पडू शकतो, योगायोगानं जुळलं असेल. हा मुद्दा चांगला आहे. त्याचे मार्क देते.

पेन्सिलीचं सांगायचं राहिलं. त्या संध्याकाळी पारोमितानं तुला विचारलं, आजोबांची पेन्सिल कुठे आहे? तू तुझ्या पाऊचमधून काढून दिलीस. तू ती बरोबर आणली होतीस, पण ती आली तुझ्यासोबत, रेघ त्याच्या आधीची. निळं टोक तू चित्रं काढून काढून निम्मं संपवलं होतंस. लाल रंग तुला आवडायचा नाही, ते वापरलंच नाही म्हणालीस. लाल टोक बोथट होतं. "ते आधीपासूनच तसं होतं," तू म्हणालीस. असेलही. मी कधी पाहिलं नव्हतं.

जाताना पारोमिता दारात बराच वेळ चपला शोधत राहिली. चपला समोरच होत्या. मग म्हणाली, "किछू एकटा आछे, काकीमा." काहीतरी आहे.

बंगालीत किछू म्हणजे काहीतरी. इतकी वर्षं इथे राहून मला हे सुचलं नव्हतं, की आमच्या घरातला शब्द आणि त्यांचा शब्द कानाला जवळजवळ एकच आहे. आता कुणी विचारलं, की बाई, तुमच्या स्वयंपाकघरात काय झालं होतं, तर मी सांगते — किछू. इंग्रजीच्या बाईला याहून मोघम उत्तर शोभत नाही, पण याहून नेमकं माझ्याजवळ नाही.

त्यानंतर रेघ पुन्हा हलली नाही. तुम्ही पुढच्या वेळी आलात तेव्हा ओजस किटलीपासून स्वतःहून दोन हात लांब उभा राहिला आणि म्हणाला, "गरम." म्हणजे तोही डोळ्यांनी उडायला लागला. किसूचं काम संपलं. किटली पुन्हा फळीवर आली, माझं स्टूल गच्चीवर गेलं. एखाद्या दुपारी चहा करताना मी त्या रेघेकडे बघून "अहो, बरोबर आहे हं" एवढं म्हणते. उत्तर येत नाही. आजोबा हयात असतानाही कामाबद्दल बरोबर म्हटलं की ते काही बोलत नसत, नुसते कानामागे पेन्सिल खोचत.

रंगारी पुढच्या आठवड्यात येतील. ती चौकट सोडून बाकी सगळं रंगवा, असं मी त्यांना बजावून ठेवलं आहे. हे घर सोडायची वेळ आली, तर ती चौकट काढून न्यायची आहे. ही सरकारी नाही, आपली आहे.

तेव्हा शिल्लक काय आहे, ते सांगून थांबते. दोन्ही रेघा आहेत. पेन्सिल सानिकाकडे आहे. आणि ओजस, तुझा उजवा हात बघ. त्यावर एकही डाग नाही.

तुमची,
आजी